फसलेली गाडी, रिव्हर्स गिअर आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: आत नेमकं काय होतं

जून संपता संपता दोन-तीन दमदार पाऊस झाले की नागपूरच्या आजूबाजूला गाड्या फसणं सुरू होतं. बेसा-बेलतरोडीकडचे नवे लेआउट, काटोल-कळमेश्वरकडे संत्र्याच्या बागेत नेणारे पांदण रस्ते, रिसेप्शनच्या लॉनला लागून असलेलं रिकामं शेत जिथं पार्किंगवाला हात दाखवून गाडी आत घालायला सांगतो, सगळीकडे एकच प्रकार. वरून माती सुकलेली दिसते, आत सगळा गारा (चिखल) असतो, आणि पुढचं चाक बसलं की ड्रायव्हर पहिलं काम काय करतो तर रिव्हर्स टाकून रेस देतो, कारण आलो तिथून परत निघावं हे मनात आधी येतं, आणि ते बरोबरही आहे. प्रश्न पुढे सुरू होतो, कारण पहिल्या दणक्यात गाडी निघाली नाही की पाय उचलायच्या ऐवजी आणखी खाली जातो.

मॅन्युअल गाडीत अशा वेळी क्लच प्लेटचा वास यायचा, सगळ्यांना कळायचं, कोणीतरी ओरडायचं की सोड आता, प्लेट जळून राहिली. ऑटोमॅटिकमध्ये बऱ्याचदा काहीच कळत नाही. गाडी शांत असते, इंजिनचा तेवढा आवाज, चाक फिरताना दिसतं, आणि आपल्याला वाटतं की चला, फिरून तर राहिलं आहे, निघेल. आणि दोन महिन्यांनी गिअर बदलताना झटका बसायला लागला की या दिवसाची आठवणही नसते कोणाला. म्हणून हे जरा नीट समजून घेऊ, कारण आजकाल घराघरात ऑटोमॅटिक आली आहे, आणि ती चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांना तिच्या पोटात काय आहे हे कोणीच सांगितलेलं नसतं.

आधी थेट उत्तर देतो, मग कारणं. रिव्हर्स हा गिअर म्हणून गिअरबॉक्सचा शत्रू नाही. चाक अगदी मोकळं, गुळगुळीत चिखलात फिरत असेल तर गिअरबॉक्सवर त्या क्षणी लोडही फार नसतो, कारण चाकाला अडवणारं काही नाही. गिअरबॉक्स मरतो तो तीन ठिकाणी. चाक अडलेलं आहे आणि तुम्ही रेस देताय, तेव्हा उष्णतेने. जोरात फिरणारं चाक अचानक पकड घेतं, तेव्हा झटक्याने. आणि चाक फिरत असतानाच तुम्ही आर (रिव्हर्स) मधून डी (पुढचा ड्राइव्ह) मध्ये लिव्हर ओढता, तेव्हा गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटा घासून. आपल्याकडच्या काळ्या मातीत हे तिन्ही प्रकार पाच मिनिटांत एकामागोमाग होऊ शकतात, म्हणून मला या विषयाची एवढी काळजी वाटते.

उष्णतेचं आधी घेऊ, ती सगळ्यात महत्त्वाची. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे ब्रेझा, थार, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर अशा गाड्यांमध्ये, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. एक बंद डबा, आत ऑइल, आणि समोरासमोर दोन पात्यांची चाकं. एक इंजिनला जोडलेलं, दुसरं गिअरबॉक्सला, दोघांच्या मध्ये पक्कं लोखंडी कनेक्शन नाही. इंजिनवालं चाक ऑइल जोरात फेकतं, ते ऑइल समोरच्या पात्यांवर आदळतं आणि ते चाक फिरायला लागतं. मध्ये तिसरं एक छोटं पात्यांचं चाक असतं, स्टेटर, ते परत येणारं ऑइल योग्य कोनात वळवतं आणि त्यामुळे सुरुवातीला ताकद वाढून मिळते. ही कल्पना जर्मनीतल्या हर्मान फोटिंगरची, १९०५ ची, आणि मुळात जहाजांसाठी होती. विहिरीवरच्या मोटरच्या पाईपाचा फवारा एखाद्या पात्यांच्या चाकावर सोडला तर ते फिरेल, तसंच हे. आता ते चाक हाताने घट्ट धरून ठेवा. मोटर चालूच आहे, पाणी आदळतंच आहे, चाक मात्र जागचं हलत नाही, मग मोटरची ताकद जाते कुठे? ती पाण्याच्या घुसळणीत जाते आणि शेवटी उष्णता होते. विहिरीत पाणी भरपूर असतं म्हणून कळत नाही. गिअरबॉक्समध्ये ऑइल असतं पाच-सहा-आठ लिटर.

याचं साधं गणित करून पाहू. समजा चाक खड्ड्याच्या कडेला किंवा दगडाला अडलेलं आहे, हलत नाही, आणि तुम्ही रेस पूर्ण दाबली. मधल्या साइजची गाडी असेल तर कन्व्हर्टर अडलेला असताना इंजिन साधारण ३० किलोवॅट, म्हणजे ४० हॉर्सपॉवर, सहज देऊ शकतं. गाडी हलत नाही म्हणजे ही सगळीच्या सगळी ताकद ऑइल गरम करण्यात जाते. सहा लिटर ऑइल म्हणजे अंदाजे पाच किलो, आणि एवढं ऑइल एक डिग्रीने तापवायला साधारण १० किलोज्यूल लागतात. म्हणजे सेकंदाला तीन डिग्री. दहा सेकंदात तीस डिग्री. खरं तर थोडी उष्णता लोखंड शोषतं, थोडी ऑइलचा कूलर काढतो, पण उलट बाजूने हेही आहे की सगळं ऑइल एकाच वेळी कन्व्हर्टरमध्ये नसतं, त्यामुळे जे आत आहे ते यापेक्षाही वेगाने तापतं. मेकॅनिक लोक कन्व्हर्टर तपासायला स्टॉल टेस्ट नावाची एक टेस्ट करतात, ब्रेक गच्च दाबून डी किंवा आर मध्ये फुल रेस, आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याच्यासाठी पाच सेकंदांच्या वर जाऊ नका असं लिहिलेलं असतं. आणि आपण चिखलात अर्धा-अर्धा मिनिट पाय ठेवून बसतो.

रोजच्या चालवण्यात हे ऑइल साधारण ८० ते ९५ डिग्रीच्या आसपास असतं. त्याच्या वर गेलं की धंद्यातला एक ठोकताळा आहे, दर दहा-अकरा डिग्री वाढीला ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. १२० च्या पुढे ऑइल ऑक्सिडाइज होऊन त्याचा चिकट थर बसायला लागतो, वॉल्व्ह बॉडीतले, म्हणजे ऑइलचं प्रेशर इकडून तिकडे वळवणाऱ्या भागातले, बारीक वॉल्व्ह त्यात अडकतात. १५० च्या आसपास रबरी सील कडक होतात आणि क्लच प्लेटांवरचं अस्तर करपायला लागतं. आणि गाडी उभी आहे म्हणजे समोरून वारा नाही, रेडिएटरचा पंखा जेवढं करेल तेवढंच. पावसाळ्यात हवा तरी थोडी गार असते. मे महिन्यात ४५ डिग्रीत कन्हान नदीच्या रेतीत गाडी घालून बसलात तर ऑइल आधीच वरच्या टोकाला असतं.

इथं एक गोष्ट बारकाईने समजून घ्या, कारण बहुतेक ठिकाणी हे उलटं सांगितलं जातं. चाक मोकळं फिरतंय तेव्हा कन्व्हर्टर अडलेला नसतो. समोरची पातीही फिरत असतात, घुसळण कमी असते, उष्णता कमी असते. म्हणजे नुसतं चाक फिरताना दिसलं म्हणून गिअरबॉक्स जळून राहिला असं नाही. पण काळी माती ही काही बर्फ नाही. ही रेगुर माती, बेसाल्ट झिजून झालेली, तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, आणि दोन-चार फेऱ्यांत टायरच्या खाचा अशा भरून टाकते की टायर टकला होतो. आधी चाक घसरतं. घसरता घसरता खाली खणत जातं. मग अर्धं चाक आत गेलं की तीच माती चारी बाजूंनी चाकाला आवळते, आणि आता चाक ना मोकळं फिरत ना गाडी हलत, अडखळत अडखळत फिरतं. ही मधली अवस्था फार वाईट. बाहेरून फिरणंच दिसतं, आत मात्र कन्व्हर्टर जवळजवळ अडलेलाच असतो. इंजिनचा आवाज जड होतो, आरपीएम पूर्वीसारखे वर जात नाहीत, हीच त्याची खूण. तो आवाज बदलला की पाय काढायचा.

आता रिव्हर्सचं. लोकांचा एक समज असा की रिव्हर्समध्ये आतलं सगळंच उलटं फिरतं, मग ऑइल पंपही उलटा फिरत असेल आणि ऑइल मिळत नसेल. तसं होत नाही. पंप इंजिनच्या बाजूने चालतो, कन्व्हर्टरच्या गळ्यापासून, आणि इंजिन तर एकाच दिशेने फिरतं, गिअर कुठलाही असो. रिव्हर्स होतो प्लॅनेटरी गिअरमध्ये. मधोमध सन गिअर, त्याच्याभोवती फिरणारे छोटे प्लॅनेट गिअर, आणि बाहेरून रिंग गिअर. प्लॅनेट ज्या फ्रेमवर बसवलेत ती फ्रेम धरून ठेवली तर सन एका दिशेने फिरवल्यावर रिंग उलट्या दिशेने फिरते. झाला रिव्हर्स. ती फ्रेम धरून ठेवायचं काम एक क्लच पॅक, म्हणजे क्लच प्लेटांचा गठ्ठा, किंवा पट्टा करतो, आणि रिव्हर्समध्ये ताकद जास्त येते म्हणून बऱ्याच गिअरबॉक्समध्ये त्या वेळी ऑइलचं प्रेशर मुद्दाम वाढवलेलं असतं. म्हणजे कंपनीने रिव्हर्सचा विचार केलेला आहे, तो काही कच्चा गिअर नाही. फक्त एवढं की रिव्हर्स एकच असतो, पुढच्यासारखे सहा नाहीत, त्यामुळे चाक घसरलं की इंजिन वर वर चढत जातं आणि कोणी वरचा गिअर टाकून त्याला आवरत नाही.

मागच्या वर्षी पावसात कळमेश्वरजवळ मामाच्या शेतावर मामेभावाची गाडी फसली. डावं पुढचं चाक नांगरलेल्या पट्ट्यात, उजवं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पक्क्या जमिनीवर. त्याने आर टाकला आणि रेस दिली. उजवं चाक हललंही नाही, डावं असं फिरून राहिलं की गाऱ्याचा फवारा बॉनेटवरून काचेपर्यंत, आणि एक बारीक, वर वर चढत जाणारी शिट्टीसारखी किणकिण. मी खिडकीतून मीटर पाहिला, काटा चाळीसच्या अलीकडे. तो म्हणे, "चाळीसच तर आहे, थोडं आणखी देतो, निघतेच." मामा मागून ओरडले, "बापू, रेस सोड आधी! समोर पोरं उभी आहेत." पोरं बाजूला केली तेव्हा त्यांच्या अंगावर नखाएवढे खडे उडालेले होते.

तो चाळीसचा आकडा खोटं सांगत होता. फसलेल्या गाडीत कसं असतं पहा. इंजिन ४,००० आरपीएमवर, रिव्हर्सचा रेशो (इंजिनच्या किती फेऱ्यांना पुढे एक फेरी) साधारण ३ आणि फायनल ड्राइव्हचा, म्हणजे गिअरबॉक्सनंतरच्या शेवटच्या गिअरचा, साधारण ४ धरा, म्हणजे एकूण १२. डिफ्रेन्शियल, म्हणजे ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा आणि त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा डबा, मिनिटाला ३३३ वेळा फिरणार. टायरचा घेर १.९ मीटर धरला तर हा वेग होतो ताशी ३८ किलोमीटर, आणि बऱ्याच गाड्यांत मीटर डिफ्रेन्शियलच्या अलीकडूनच वेग मोजत असल्यामुळे तेच दाखवतो. पण साध्या डिफ्रेन्शियलचा नियम असा की दोन्ही चाकांच्या वेगाची सरासरी डब्याच्या वेगाएवढी असते. एक चाक शून्यावर असेल तर दुसरं दुप्पट, म्हणजे ताशी ७६. गाडी इंचभर हललेली नाही आणि एक टायर हायवेच्या स्पीडला फिरतोय. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की फसलेल्या गाडीत चाक ताशी ५५ किलोमीटरच्या वर फिरवू नका, टायर फुटू शकतो. ते उगाच लिहिलेलं नाही. गाडीचं वजन टायरवर नीट नसतं, घर्षणाने तो तापतो, आणि फुटला तर जवळ उभ्या असलेल्या माणसाला लागतो. पुढे, मागे, बाजूला, चाकाच्या रेषेत कोणीही उभं राहू नये, आणि पोरांना तर आधी लांब पाठवायचं.

त्या किणकिणीचं कारणही डिफ्रेन्शियलच. सरळ रस्त्यावर त्याच्या आतले छोटे स्पायडर गिअर जवळजवळ स्थिर असतात, वळणावर थोडेसे फिरतात, बस. ते एका गुळगुळीत पिनवर बसवलेले असतात, बहुतेक गाड्यांत बेअरिंगही नसतं, ऑइलच्या पातळ थरावर काम भागतं, कारण तेवढीच गरज असते. एक चाक थांबलेलं आणि दुसरं भन्नाट फिरणारं असलं की हेच गिअर त्या पिनवर सलग जोरात फिरतात, ऑइलचा थर तुटतो, पिनवर ओरखडे पडतात आणि कधी कधी गिअर पिनला चिकटूनच बसतो. आणि फ्रंट व्हील ड्राइव्ह ऑटोमॅटिकमध्ये डिफ्रेन्शियल बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्याच ऑइलवर चालतं. म्हणजे तिथून निघालेली लोखंडाची भुकटी सरळ गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये, फिल्टरपर्यंत, सोलेनॉइडपर्यंत (ऑइल सोडणारे विजेचे वॉल्व्ह). म्हणून फसलेल्या गाडीत गिअरबॉक्स गेला असं म्हणतात तेव्हा सुरुवात कधी कधी डिफ्रेन्शियलपासून झालेली असते.

आता झटका. मला विचाराल तर सगळ्यात धोक्याचा क्षण गाडी निघते तो. चाक ७६ च्या वेगाने फिरतंय, खणत खणत ते खालच्या मुरमापर्यंत किंवा तुम्ही टाकलेल्या विटेपर्यंत पोहोचतं आणि एकदम पकडतं. चाक, शाफ्ट, डिफ्रेन्शियल, गिअर, सगळ्यांत साठलेला वेग एका क्षणात थांबवला जातो, आणि त्याचा उलटा दणका मागे मागे जात क्लच प्लेटांपर्यंत पोहोचतो. मजबूत काय आणि कमजोर काय हे तो दणका ठरवतो, कधी ड्राइव्ह शाफ्टचा सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही शाफ्ट फिरू देणारा सांधा) जातो, कधी डिफ्रेन्शियलचा दात. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत मध्ये ऑइल असल्यामुळे इंजिनच्या बाजूने दणका जरा मऊ होतो, पण कन्व्हर्टरच्या पुढचं सगळं तो झेलतंच. मागच्या चाकावर चालणाऱ्या गाडीत, म्हणजे इनोव्हा क्रिस्टा, स्कॉर्पिओ, टू-व्हील ड्राइव्हमधली फॉर्च्युनर, तिथं आणखी एक गोष्ट. मागच्या एक्सलचे दात पुढे जाताना एका बाजूने लोड घेतात आणि रिव्हर्समध्ये दुसऱ्या बाजूने, आणि ती दुसरी बाजू तेवढ्या लोडसाठी बनवलेली नसते. म्हणून मोठ्या गाडीत रिव्हर्सला पूर्ण ताकद लावून झटके देणं मला तरी पटत नाही, पुढे निघायचा रस्ता असेल तर तो आधी पाहावा.

छोट्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांचं उलट आहे, त्यांना रिव्हर्स फायद्याचा असतो. मागे जोर लावला की वजन पुढच्या चाकांवर येतं, आणि तीच चालणारी चाकं आहेत. चढावर तर फरक चांगला जाणवतो, उलटी चढवली तर पुढची चाकं खालच्या बाजूला येतात आणि वजन त्यांच्यावर बसतं. शिवाय आलो त्या चाकोरीत माती आधीच दबलेली असते. त्यामुळे स्विफ्ट, बलेनो, व्हेन्यूसारख्या गाडीत रिव्हर्सने निघायचा विचार योग्यच, फक्त तो हळू पायाने.

आणि आता आर-डी, आर-डी. गाडी झुलवून काढायची पद्धत खरी आहे, मॅन्युअल गाड्यांमध्ये पिढ्यानपिढ्या करतात, काही ऑटोमॅटिक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेतही सांगितलेली असते. पण अट अशी की चाक पूर्ण थांबलं पाहिजे, मग लिव्हर. आर मध्ये चाक जोरात उलटं फिरतंय आणि तुम्ही डी टाकला तर आतल्या क्लच पॅकला आधी त्या सगळ्या फिरणाऱ्या लोखंडाला थांबवावं लागतं आणि मग उलट फिरवावं लागतं. म्हणजे क्लच प्लेटा ब्रेकचं काम करतात, आणि त्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. तुमच्याकडे ब्रेक आहे ना, तो वापरा. पाय रेसवरून काढा, ब्रेक दाबा, एक श्वास थांबा, चाक थांबलं हे पहा, मग लिव्हर, गिअर लागल्याचा हलका धक्का जाणवू द्या, मग थोडीशी रेस. बऱ्याच नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर वेग असताना उलटा गिअर लागूच देत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नये, कारण चिखलात त्याला दिसणारा वेग आणि खरा वेग यांत किती फरक असतो ते वर पाहिलंच.

आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणून जे विकलं जातं ते सगळं एक नाही, आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं. होंडा सिटी-अमेझ, मॅग्नाइटचा टर्बो यांच्यात सीव्हीटी, म्हणजे दोन पुलींच्या मध्ये पोलादी पट्टा. त्याला उष्णता तर नकोच, पण झटका त्याहून नको. फिरतं चाक अचानक पकडलं की पट्टा पुलीवर क्षणभर घसरतो, आणि आरशासारख्या गुळगुळीत पुलीवर एकदा ओरखडा पडला की तो भरून येत नाही, पुढे तिथूनच घरघर सुरू होते. एएमटी, जो आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओपासून आला आणि आता वॅगन-आर, डिझायर, टियागो, पंच सगळीकडे आहे, तो खरं तर मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच मोटर किंवा हायड्रॉलिक दाबतं. तिथं कन्व्हर्टर नाही, एक साधी कोरडी क्लच प्लेट आहे, आणि हळू रेस देऊन गाडी उचकवत बसलात तर ती हाफ क्लचवर घासत राहते आणि वास येतोच. कोरड्या क्लचच्या डीसीटीचंही, म्हणजे दोन क्लचच्या गिअरबॉक्सचंही, तसंच, काही गाड्यांत स्क्रीनवर क्लच गरम झाल्याचा इशारा येतो, तो आला की गाडी पी मध्ये उभी करून थांबायचं, वाद घालायचा नाही. ओल्या क्लचच्या डीसीटीत ऑइल थंड करतं म्हणून थोडी सवड जास्त मिळते. इलेक्ट्रिक गाडीत मोटरच उलटी फिरते, त्यामुळे गिअरबॉक्सचं हे सगळं पुराण लागू होत नाही, पण शाफ्ट, डिफ्रेन्शियल आणि टायर तिथंही तेच, आणि ताकद पहिल्या सेकंदापासून पूर्ण असल्यामुळे झटका जास्तच.

मग करायचं काय. चाक दोन-तीन सेकंद फिरलं आणि गाडी हलली नाही की ती रेसने निघणार नाही हे मानायचं आणि खाली उतरायचं. बूट भरतील, भरू द्या. चाकासमोरची आणि मागची माती हाताने, काठीने, जे मिळेल त्याने काढा. गाडीचं पोट मातीवर टेकलं असेल तर चाकाखाली काहीही घाला, उपयोग नाही, आधी जॅकने उचलून चाकाखाली भराव घालावा लागतो, आणि जॅक बुडू नये म्हणून त्याच्याखाली फळी. आपल्या शेतांत त्यासाठी सगळं मिळतं, पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या), तुराट्या, धुऱ्यावरची गिट्टी, रिकामी पोती. पऱ्हाटी आडवी आणि घट्ट दाबून घाला, मोकळी टाकली तर चाक ती फेकून देतं. स्टिअरिंग सरळ. टायरची हवा ३२-३३ वरून वीसच्या आसपास उतरवली की टायर पसरतो आणि पकड चांगलीच वाढते, फक्त परत हवा भरेपर्यंत गाडी अगदी हळू चालवायची. मग आर, ब्रेकवरून पाय हळूच सोडा, टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीवाली गाडी रेस न देताही थोडी सरकते, आधी तेवढ्याने होतं का पहा.

ट्रॅक्शन कंट्रोलबद्दल नेहमी विचारतात. तो फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो आणि इंजिनची ताकद कमी करतो. ब्रेक लावणं फायद्याचं, कारण मग ताकद थांबलेल्या चाकाकडे जाते. ताकद कमी करणं मात्र गाऱ्यात नडतं, रेस देऊनही गाडी मरगळल्यासारखी वागते. म्हणून आधी चालू ठेवून पाहायचं, नाही जमलं तर बटण दाबून बंद करून एकदा, आणि बाहेर निघाल्यावर आठवणीने परत चालू. दोन-तीन प्रयत्न झाले की दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवून गाडी पी किंवा एन मध्ये उभी करा. इंजिन लगेच बंद करू नका, कारण पंप इंजिनवर चालतो, तो थांबला की तापलेलं ऑइल कूलरपर्यंत जाणारच नाही.

तरी नाही निघाली तर ट्रॅक्टर. सरळ रेषेत, कंपनीने दिलेल्या टो हुकला, हळू ताण देऊन, गाडी एन मध्ये आणि इंजिन चालू, आणि दोराच्या जवळपास कोणी नाही. हे फक्त खड्ड्यातून बाहेर काढण्यापुरतं. त्याच टोचनवर ऑटोमॅटिक गाडी वर्धा रोडपर्यंत ओढत नेऊ नका, इंजिन बंद असेल तर पंप बंद, आणि आतले गिअर कोरडे फिरतात. फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल तर पुढची चाकं उचलून, आणि चारही चाकांवर चालणारी असेल तर सरळ फ्लॅटबेडवर.

गाडी नाल्यात किंवा पाण्याच्या डबक्यात फसली असेल तर आणखी एक पाहावं लागतं. गिअरबॉक्सला हवा जायला-यायला वर एक छोटी ब्रीदर नळी असते. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात उभा राहून एकदम गार झाला की आतली हवा आकसते आणि नळीचं तोंड पाण्यात असेल तर पाणी आत ओढलं जातं. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन वस्त्यांत पाणी शिरलं आणि गाड्या बुडाल्या, तशा बुडालेल्या गाड्यांमध्ये इंजिनाइतकाच हा धोका असतो. पाणी मिसळलेलं ऑइल दुधाळ गुलाबी दिसतं, आणि क्लच प्लेटांवरचं अस्तर ज्या गोंदाने चिकटवलेलं असतं तो पाण्याने सुटतो, म्हणून असं ऑइल दिसलं की गाडी चालवत गॅरेजला न्यायची नाही.

साधं फसणं असेल तर नंतरच्या आठवड्यात लक्ष ठेवा. पी मधून आर किंवा डी टाकल्यावर गिअर लागायला आधीपेक्षा उशीर होतो का, रेस दिल्यावर इंजिन चढतं पण गाडी मागे राहते का, ताशी ४०-६० च्या दरम्यान बारीक थरथर जाणवते का, वळण घेताना खालून कटकट किंवा घरघर येते का. ऑइल तपासायला काही गाड्यांना डिपस्टिक असते, बऱ्याच नव्या गाड्यांना नसते, मग रॅम्पवर घेऊनच पाहावं लागतं. नेहमीचं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, लाल असतं, ते तपकिरी झालं असेल आणि करपलेला वास येत असेल तर बदलायचं, सीव्हीटीचा रंग वेगळा असतो म्हणून तिथं रंगापेक्षा वासावर आणि त्यात चमकणाऱ्या भुकटीवर भर द्या. आमच्या गाडीचं ऑइल लाइफटाइम आहे, बदलावं लागत नाही असं कोणी सांगितलं तर त्याला हे विचारा की गाऱ्यात वीस मिनिटं रेस दिल्यावरही का. गॅरेजमध्ये गाडी देताना ती फसली होती, किती वेळ रेस दिली आणि कुठल्या गिअरमध्ये, हे आपण होऊन सांगा, मेकॅनिक मग फिल्टर आणि ड्रेन प्लगचं मॅग्नेट आधी पाहतो, आणि मॅग्नेटवर पिठासारखी भुकटी आहे की दातांचे तुकडे, यावरच पुढे गिअरबॉक्स उघडायचा की ऑइल बदलून भागेल ते ठरतं.